पन्नास रुपये दंड आणि तीन महिन्यांची मुदत: प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यात नेमकं काय बदलायला हवं?

रानवारा

लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, आज लिहूनच टाकते. थोडं लांबेल, पण पूर्ण वाचा आणि मग मत द्या.

आमच्या समोरच्या बिल्डिंगमधे दुसऱ्या मजल्यावर गॅलरीत एक लॅब्रेडॉर बांधलेला असायचा. दिवसरात्र तिथेच. साखळी इतकी आखूड की झोपताना त्याला मान ग्रिलला टेकवूनच ठेवावी लागायची, आणि पावसाची तिरपी सर आली की ती थेट अंगावर. सुरुवातीला भुंकायचा, नंतर नंतर भुंकणंही थांबलं, नुसता खाली रस्त्याकडे बघत बसायचा. गळ्याभोवतीचे केस जाऊन तिथे गुलाबी कातडं दिसायला लागलं होतं, ते माझ्या खिडकीतून दिसायचं. घरच्यांशी दोनदा बोलले, एकदा "बघतो" आणि एकदा "तुम्हाला काय करायचंय". मग चौकीत गेले.

चौकीतले हवालदार वयस्कर होते, त्यांनी सगळं ऐकून घेतलं, व्हिडिओ बघितले, आणि पुस्तक काढून मला कलम दाखवलं. प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा १९६०, कलम ११. त्यात मारहाण आहे, उपाशी ठेवणं आहे, आखूड किंवा जड साखळीने जास्त वेळ बांधून ठेवणं आहे, आणि पुढचं वाचून तर मी थक्कच झाले, कायम बांधलेल्या कुत्र्याला मालकाने पुरेसं फिरवलं नाही तर तोही गुन्हा आहे! म्हणजे ज्यांनी हे लिहिलं त्यांना माझ्या समोरची गॅलरी साठ वर्षं आधीच दिसत होती. आणि शिक्षा? पहिल्या वेळी दहा ते पन्नास रुपये दंड. तीन वर्षांच्या आत परत केलं तर पंचवीस ते शंभर रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. हवालदार म्हणाले, ताई, मी एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून घेतो, पण पुढे फार काही होईल असं धरून चालू नका.

एनसी झाली. दोन आठवड्यांत कुत्रा गॅलरीतून गायब. "गावी पाठवला" एवढंच कळलं. कुठल्या गावी, कोणाकडे, जिवंत आहे का, काही माहीत नाही. ती गॅलरी आता धुवून कुंड्या ठेवल्यात.

तेव्हापासून या कायद्याबद्दल जे मिळेल ते वाचतेय. आधी १८९० चा इंग्रजांचा कायदा होता. स्वातंत्र्यानंतर रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत खासगी विधेयक आणलं, सरकारने स्वतः कायदा करायचं कबूल केल्यावर ते मागे घेतलं आणि १९६० ला हा कायदा झाला. १९६२ ला भारतीय जीवजंतू कल्याण मंडळ झालं, त्याच पहिल्या अध्यक्ष. त्या काळी पन्नास रुपये ही मोठी रक्कम होती. आज ती पार्किंगची पावती आहे.

मी आमच्या खासदारांना पत्र लिहितेय. मागण्या अशा, की दंड किमान पन्नास हजार करा आणि पहिल्याच गुन्ह्याला तुरुंगवास ठेवा. सह्या गोळा करायच्यात. कोण कोण बरोबर आहे?

चिंचेचं झाड

मी आहे. सही धरा. त्या गॅलरीतल्या पोराचं वाचून पोटात तुटलं.

कोर्टाची पायरी

रानवारा, पत्र जरूर पाठवा, पण पाठवायच्या आधी जरा थांबा. मी वकिली करतो आणि अशा प्रकरणांत काही वेळा उभा राहिलोय. तुमचं प्रकरण दंड कमी म्हणून अडलं नाही. ते तीन ठिकाणी अडलं आणि तिन्ही तुमच्या पत्रात नाहीत.

पहिलं म्हणजे दखलपात्र-अदखलपात्र. कलम ३१ नुसार या कायद्यातले मोजकेच गुन्हे दखलपात्र आहेत, म्हणजे अवयव तोडणं किंवा विनाकारण क्रूरपणे मारून टाकणं, प्राण्यांच्या झुंजींचा अड्डा चालवणं, नेमबाजीसाठी बंदिस्त प्राणी सोडणं, आणि कलम १२ मधलं फुंका (जास्त दूध काढण्यासाठी जनावरावर केला जाणारा क्रूर प्रकार) वगैरे. बाकी मारहाण, उपासमार, साखळी, जखमी जनावर कामाला जुंपणं, सोडून देणं हे सगळं अदखलपात्र. अदखलपात्र म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपासच करता येत नाही. म्हणून एनसी. तुमचे हवालदार चांगले होते, पण त्यांचे हात कायद्यानेच बांधलेले होते.

दुसरं म्हणजे मुदत. कलम ३६ बघा. गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांनंतर या कायद्याखाली खटलाच भरता येत नाही. तीन महिने! एनसी, मग कोर्टात अर्ज, मग तारीख, डॉक्टरांचा दाखला, यातच तीन महिने जातात. कुत्रा बांधलेला होता तोवर गुन्हा रोज नव्याने घडत होता, पण गॅलरी रिकामी झाल्याच्या दिवसापासून घड्याळ सुरू झालं.

तिसरं म्हणजे प्राण्याचं पुढे काय. त्यावर इथले डॉक्टर जास्त चांगलं सांगतील.

आता नवीन काय झालंय तेही सांगतो. जुन्या भारतीय दंड संहितेत ४२८ आणि ४२९ अशी दोन कलमं होती, एक दहा रुपये किंमतीच्या प्राण्यासाठी, दुसरं गुरं किंवा पन्नास रुपये किंमतीच्या प्राण्यासाठी. म्हणजे इजा जनावराला झाली तरी कायद्याच्या लेखी नुकसान मालकाच्या मालमत्तेचं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्या कलम ३२५ मधे किंमतीची अट काढून टाकली, कुठलाही प्राणी मारला, विष घातलं, लुळापांगळा केला तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा. हे चांगलं झालं. पण त्याच वेळी जुनं कलम ३७७ पूर्ण गेलं आणि प्राण्यावर लैंगिक अत्याचार केला तर त्यासाठी थेट कलमच उरलं नाही. हे भोक बुजवलंच पाहिजे, तुमच्या पत्रात हे हवंच.

आणि तुमच्या केसमधे न्याय संहितेचा उपयोग नव्हता. कुत्रा मारला असता तर पाच वर्षांपर्यंतची तरतूद, झिजवत ठेवला तर पन्नास रुपये.

२०२२ च्या नोव्हेंबरात केंद्राने दुरुस्तीचा मसुदा हरकती-सूचनांसाठी ठेवला होता. त्यात भीषण क्रौर्य अशी नवी व्याख्या होती, त्याला पन्नास ते पंचाहत्तर हजार दंड आणि एक ते तीन वर्षं कैद, जीव घेतल्यास पाच वर्षांपर्यंत. त्याचा कायदा अजून झालेला नाही. तेव्हा पत्र लिहिताना "नवीन कायदा करा" असं मोघम न लिहिता त्या मसुद्याचा उल्लेख करा, त्याचं वजन पडतं.

सोनचाफा

राग येईल कोणाला पण लिहिते. माझ्या भाच्याला सहा महिन्यांपूर्वी गल्लीतल्या कुत्र्याने पायाला फाडलं. सात वर्षांचा आहे. इंजेक्शनं झाली, टाके पडले, अजून रात्री दचकून उठतो. तेव्हा आमच्या बाजूने कोणी पत्र लिहिलं नाही. कायदा कडक करा म्हणताना त्या पोराचाही विचार करा एवढंच म्हणणं आहे.

रानवारा

सोनचाफा, राग अजिबात नाही. भाचा बरा होवो. तुझं म्हणणं खरं आहे आणि ते बाजूला सारायचं नाहीये.

कोर्टाची पायरी

भटक्या कुत्र्यांसाठी वेगळे नियम आहेत, २००१ चे होते, त्याजागी २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम आले. पकडा, नसबंदी करा, लस द्या, परत त्याच जागी सोडा, आणि ही जबाबदारी स्थानिक संस्थेची. २०२५ च्या ऑगस्टमधे सुप्रीम कोर्टाने दिल्लीबाबत आधी सगळी कुत्री उचलायला सांगितली, मग २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींनी त्यात बदल केला, रेबीज झालेली किंवा अंगावर येणारी सोडून बाकीची नसबंदी-लसीकरणानंतर परत सोडायची. नोव्हेंबरात शाळा, दवाखाने, स्टँड यांच्या आवारातून हलवायचा आदेश आला. हा विषय इतका मोठा आहे की त्याला वेगळा धागा लागेल. पण सोनचाफा यांच्या दुखण्याचं मूळ इथेही तेच आहे, काम कोणाचं ते लिहिलंय, पण काम झालं नाही तर कोणाला धरायचं ते नाही.

सोनचाफा

हे पटलं. आमच्याकडे नसबंदीची गाडी शेवटची कधी आली कोणालाच आठवत नाही. वेगळा धागा काढते.

टायरगाडी

दोन दिवस वाचतोय, लिहावं की नाही कळत नव्हतं. कारण या धाग्यावर ज्याला पन्नास हजार दंड करा म्हणताय तो माणूस माझा बाप आहे.

आम्ही ऊसतोड. बीड जिल्हा. दिवाळीनंतर टोळी निघायची ती उन्हाळ्यातच परत. बापाची बैलजोडी होती, गाडी कारखान्याची, भाड्यानं. पहाटे तीनला फडात, कोयता चालायचा, मोळ्या बांधायच्या, मोळ्या गाडीत रचायच्या, दोर आवळायचा, आणि मग गाडी रस्त्याला. मी आठवीपर्यंत दर हंगामात बरोबर होतो, गाडीवर मोळ्यांच्या शेंड्यावर बसून यायचो, तिथून बैलांचे खांदे दिसायचे.

आमच्या एका बैलाचं नाव हरण्या. त्याचा खांदा डिसेंबरातच सुजायचा. आधी गरम लागायचा, मग मऊ, मग त्यातून पाणी यायचं. आई रात्री हळद आणि तेल कोमट करून लावायची, जूवर गोणपाटाची घडी बांधायची, सकाळी परत तेच जू. एक दिवस बैल बसवला तर त्या दिवशीचं टन गेलं. पैसे टनावर. उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले, टोळीच्या मुकादमाला हिशेब द्यायचा. बैल पण उचलीच्या पैशातूनच घेतलेले. मग बापानं काय करायचं सांगा. पोळ्याला हाच माणूस खांदेमळणी करताना लोणी लावता लावता रडायचा, हे मी बघितलंय. तो क्रूर नव्हता.

एकदा रस्त्यात काही लोकांनी गाडी अडवली. बैल बारीक दिसतात, खांद्याला जखम आहे, फोटो काढले, पोलीस बोलावले. बापानं हात जोडले. त्या लोकांचं चुकलं असं म्हणत नाही, जखम होतीच. पण त्या दिवशी दंड भरला बापानं, तो मुकादमाकडून उचलून, म्हणजे आणखी कर्ज, म्हणजे दुसऱ्या दिवशी आणखी जास्त ऊस. हरण्याच्या खांद्यावर तो दंड पण चढला.

आता एक गोष्ट सांगतो ती कोणी लिहिली नाही. गाडी कारखान्यावर गेली की वजनकाट्यावर जाते. भरलेली वजन होते, रिकामी वजन होते, पावती मिळते. प्रत्येक खेपेची. तारीख, वेळ, गाडी नंबर, वजन. आमच्या पावत्या बापानं डब्यात जपून ठेवल्या होत्या, अडीच टनाच्या पण आहेत त्यात. म्हणजे बैलावर किती ओझं घातलं याचा छापील पुरावा रोज तयार होतो, आणि तो तयार करणाराच ऊस घेतो. मग त्याला का नाही विचारत कोणी. दोरी शेवटी ज्याच्या हातात, त्यालाच का.

चिंचेचं झाड

टायरगाडी दादा, तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. पावतीचं वाचून मी दहा मिनिटं तशीच बसले.

गुरांचा डॉक्टर

टायरगाडी, तुमच्या हरण्यासारखे खांदे मी दर हंगामात बघतो. खांदेसूज. जू नीट बसत नसेल, ओझं पुढे झुकत असेल, किंवा नवा बैल एकदम जड कामाला लावला की होते. आठ-दहा दिवस जू लावायचं नाही हाच खरा इलाज, आणि नेमका तोच इलाज मी सांगितला की समोरचा माणूस खाली बघतो. मलम घेऊन जातो, विश्रांती नेत नाही.

वजनाबद्दल सांगतो. १९६५ चे नियम आहेत, ओढकाम आणि ओझ्याच्या जनावरांसाठी. मध्यम बैलाला हवेचे टायर असलेल्या दुचाकी गाडीत १०५० किलो, मोठ्या बैलाला १३५०, दोन बैल असले की दुप्पट. म्हणजे मध्यम जोडीला २१०० किलो. दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही, आणि तापमान ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन जुंपायचं नाही. टोकदार लगाम वापरायचा नाही. सगळं लिहिलेलं आहे हो! साठ वर्षं झाली. मी गावात विचारतो तेव्हा गाडीवानाला माहीत नसतं, मुकादमाला माहीत नसतं, आणि रात्रभर कारखान्याच्या अड्ड्यावर नंबरला उभ्या असलेल्या गाड्यांचे बैल जूखाली किती तास होते ते तर कोणी मोजतच नाही.

आता वकीलसाहेबांनी सोडलेला तिसरा मुद्दा. जप्तीनंतर जनावर कुठे. कलम ३५ म्हणतं की राज्य सरकार अशा प्राण्यांसाठी उपचार-निवाऱ्याच्या जागा नेमू शकतं. नेमू शकतं, नेमलंच पाहिजे असं नाही. मला एकदा रात्री ठाण्यातून फोन आला, एक बैल जप्त केलाय, बघायला या. गेलो तर आवारातल्या लिंबाला बांधलेला, पुढे चारा नाही, पाण्याला भांडं नाही. ड्यूटीवरचा पोरगा बिचारा स्वतःच्या बाटलीतून ओंजळीत पाणी धरत होता. शेवटी कँटीनची बादली आणली. तीन दिवस तो बैल तिथेच होता. क्रूरतेतून सोडवून आणलेला बैल! सोसायट्यांसाठी २००१ चे वेगळे नियम आहेत, त्यांप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी असायला हवी, दवाखाना आणि निवारा तिने चालवायचा. किती जिल्ह्यांत ती खरोखर जनावर ठेवून घेते हे ज्याने त्याने आपल्या जिल्ह्यात विचारून बघावं. पशुवैद्यकाची फिरती गाडी १९६२ या नंबरवर फोन केला की येते, पण गाडी उपचार करते, सांभाळ करत नाही.

आणि म्हाताऱ्या बैलाचं काय करायचं हाही प्रश्न आहे. राज्यात २०१५ पासून बैलांच्या कत्तलीवरही बंदी आहे. बंदीवर मला काही म्हणायचं नाही. पण ज्याला ओढता येत नाही त्याला दहा वर्षं कोण खाऊ घालणार हे ठरवलं नाही, मग तो रात्री दुसऱ्या गावाच्या शिवारात सोडला जातो. सोडून देणं हा कलम ११ खाली गुन्हाच आहे. धरायचं कोणाला, सोडणाऱ्याला? त्याच्या गोठ्यात जाऊन बघा, दुसऱ्या जोडीला कडबा नाही.

घाटावरचा

मी बैलगाडा शर्यतीतला आहे. इथे माझ्या बाजूचं कोणी नसणार हे माहीत आहे, पण एक अनुभव सांगतो.

७ मे २०१४ ला सुप्रीम कोर्टाने बंदी घातली, जल्लीकट्टूवर आणि आमच्यावर. सात वर्षं घाट, म्हणजे शर्यतीची धावपट्टी, ओस. दावणीचे दोन खोंड विकावे लागले, ते घेणाऱ्याने पुढे काय केलं मी विचारलं नाही, आजही ते मनात आहे. २०१७ ला राज्याने कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१ ला शर्यती परत सुरू झाल्या, १८ मे २०२३ ला घटनापीठाने ती दुरुस्ती कायम ठेवली.

मुद्दा असा, की या दुरुस्तीत अटी मोडल्या तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद आहे. परवानगी जिल्हाधिकाऱ्यांची. जनावराची तपासणी. काठी, टाचणी, शॉक बंद. आणि जबाबदारी आयोजकावर आहे, नुसत्या गाडा हाकणाऱ्यावर नाही. आमच्या गावात याचा फरक पडला. आधी पराणी टोचली तरी लोक हसायचे, आता कमिटीच माणूस उभा करते, कारण त्यांनाच भरावं लागेल. टायरगाडी म्हणतात ते असं होऊ शकतं, मी बघितलंय. ज्याच्या नावाने परवानगी त्याच्यावर जबाबदारी.

सगळीकडे पाळलं जातं असं मी म्हणणार नाही. जिथे परवानगीच नाही काढत तिथे काय होतं ते मलाही माहीत आहे आणि त्याची लाज वाटते.

गुरांचा डॉक्टर

घाटावरचा, शर्यतीबद्दल माझं मत वेगळं आहे. घाबरल्याशिवाय बैल तसा पळत नाही असं मला वाटतं, आणि २०१४ च्या निकालात कोर्टाने नेमकं तेच बारकाईने तपासलं होतं. पण आयोजकावर जबाबदारी टाकल्याने वागणं बदलतं हे तुमचं निरीक्षण मला महत्त्वाचं वाटतं.

लेअर फार्म

माझा अंड्याचा धंदा आहे, पिंजऱ्यातल्या कोंबड्या. थोडक्यात लिहितो. अंड्यांच्या कोंबड्यांसाठीच्या २०२३ च्या नियमांत एका कोंबडीला किमान ५५० चौरस सेंटिमीटर जागा. आपला झेरॉक्सचा ए-फोर कागद साधारण ६२३ चौ. सेंमी. भरतो. म्हणजे नियम पाळूनही कागदापेक्षा कमी. हे रोज डोळ्यासमोर असतं, बरं वाटत नाही. पण पिंजरे कर्जाने घेतलेत. उद्या बंद म्हणालात तर बुडालो. युरोपात साधे बॅटरी पिंजरे (ओळीने रचलेले अरुंद पिंजरे) बंद करायचं १९९९ ला ठरलं आणि बंदी १ जानेवारी २०१२ पासून लागू झाली, मधे बारा वर्षं दिली. तारीख ठरवा, ती हलवू नका, बदलायला कर्ज द्या. आमच्यातले बरेच जण तयार होतील.

दूरदेशी

मी ब्रिटनमधे राहते, एका प्राणी निवाऱ्यात शनिवार-रविवार काम करते म्हणून लिहिते. इथे २००६ चा कायदा आहे. त्यात क्रूरतेला शिक्षा आहेच, २०२१ पासून ती सहा महिन्यांवरून पाच वर्षांपर्यंत वाढवली. पण मला त्यातली दोन कलमं जास्त उपयोगाची वाटतात. एक, ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्याचं कर्तव्यच लिहिलंय, योग्य जागा, योग्य आहार, नैसर्गिक वागायला मोकळीक, सोबत किंवा एकांत जे लागेल ते, आणि दुखण्यापासून रक्षण. म्हणजे प्राणी तडफडेपर्यंत थांबायचं नाही, गरज भागली नाही इथेच कायदा लागू होतो. दुसरं, सुधारणेची नोटीस. इन्स्पेक्टर येतो, काय चुकतंय, काय करायचं आणि किती दिवसांत ते लिहून देतो. तेवढ्यात केलं तर खटला नाही. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी घरांत तेवढ्यावर भागतं. एका म्हाताऱ्या बाईंची दहा मांजरं होती, तिला शिक्षा करून काय मिळालं असतं, नोटिशीनंतर शेजारच्यांनी आठ मांजरं सांभाळायला घेतली, दोन तिच्याजवळ राहिली.

रानवारा, तुमच्या गॅलरीतल्या कुत्र्यासाठी अशी नोटीस असती तर पहिल्याच आठवड्यात कोणीतरी अधिकृत माणूस त्या घरात पाऊल ठेवून आला असता.

टायरगाडी

नोटीस चालेल. पण नोटीस कोणाला ते सांगा. बापाला नोटीस दिली की दहा दिवस बैल बसवा, तर दहा दिवसांचे पैसे कोण देणार. नोटीस ज्याच्या काट्यावर वजन होतं त्याला पाहिजे, मुकादमाला पाहिजे. बैल बसला तर त्या दिवसांची मजुरी कापायची नाही असं लिहा. मग बघा हरण्याचा खांदा भरून येतो का नाही.

कोर्टाची पायरी

टायरगाडी यांचा मुद्दा कायद्याच्या भाषेत असा आहे. कलम ११ मधे आजारी-जखमी जनावर कामाला लावणारा आणि तसं लावू देणारा मालक, असे दोघंच धरले जातात. ज्याच्यासाठी काम चाललंय तो तिसरा माणूस त्यात नाही. कामगार कायद्यांत मूळ मालक आणि कंत्राटदार दोघांनाही जबाबदार धरायची पद्धत आपल्याकडे आहे, ती इथे आणता येईल. काट्याची पावती पुरावा मानायची, १९६५ च्या मर्यादेपेक्षा वजन भरलं तर काटाचालकाने त्याच दिवशी नोंद करायची, एवढं नियमात घातलं तरी पुरे. यासाठी संसदेपर्यंतही जावं लागणार नाही, कलम ३८ खाली केंद्र सरकारला नियम करता येतात.

रानवारा

सगळं परत परत वाचलं. पत्राचा जुना मसुदा फाडला. पन्नास हजारांची ओळ लिहिताना माझ्या डोळ्यासमोर फक्त समोरची गॅलरी होती, टायरगाडी दादांचे वडील नव्हते.

नवीन पत्रात सुरुवातच दखलपात्र करण्यापासून केलीये, निदान उपासमार, जखमी जनावर जुंपणं, साखळी आणि सोडून देणं एवढं तरी. मुदत तीन महिन्यांची एक वर्ष. लैंगिक अत्याचाराचं कलम. सुधारणेची नोटीस आणि त्यासाठी प्रत्येक तालुक्याला नेमलेला पशुवैद्यक. निवारा "नेमू शकतं" ऐवजी "नेमलाच पाहिजे", आणि तो खर्च कुठून ते अर्थसंकल्पात दिसलं पाहिजे. दंड ठेवलाय, पण मिळकतीप्रमाणे, आणि काम ज्याच्यासाठी चाललंय त्याच्यावर आधी. लेअर फार्म यांचं तारीख आणि कर्जाचं म्हणणं शेवटी वेगळ्या परिच्छेदात घातलंय.

एक वाक्य असं लिहिलंय: "ओव्हरलोड गाडी हाकणाऱ्या गाडीवानावर व संबंधित कारखान्यावर संयुक्तपणे कारवाई करावी." टायरगाडी दादा, हे ठीक आहे का? तुमच्या होकाराशिवाय पाठवत नाही.

टायरगाडी

संयुक्तपणे काढा. संयुक्त म्हटलं की पहिला हात गरिबावर पडतो, ठाण्यात तोच सापडतो. असं लिहा की काट्यावर वजन जास्त भरलं तर जबाबदार काटा ज्याचा तो. गाडीवानानं मुद्दाम मारलं, टोचलं, उपाशी ठेवलं तर त्याला जरूर धरा, तिथं आमची पण हरकत नाही.

सही धरा माझी. बापाची पण, तो अंगठा करतो, चालेल का विचारून सांगा. आणि पावत्यांचा डबा सापडलाय, माळ्यावर होता. आठ हंगामांच्या आहेत. फोटो काढून टाकतो, पत्राला जोडा.